साचा कोणाचा? आर्थर लो यांच्या कारकिर्दीविषयी एक संवाद

रंगभूमी आणि चित्रपट यांचे इतिहास बहुधा नायक-नायिकांभोवती आणि दिग्दर्शकांभोवती रचले जातात. ज्यांच्या खांद्यांवर जवळजवळ प्रत्येक नाटकाचा निम्मा भार असतो, त्या चरित्र अभिनेत्यांचा उल्लेख मात्र अशा ग्रंथांत उशिरा आणि ओझरता येतो. ज्याची ओळख रूपावर किंवा कथेच्या केंद्रस्थानी असण्यावर ठरत नाही, तर विशिष्ट वयाचा, वर्गाचा आणि स्वभावाचा माणूस हुबेहूब उभा करण्याच्या कसबावर ठरते, तो चरित्र अभिनेता. विनोदी चरित्र अभिनेता हा याच जातीचा असतो आणि विनोदवीराहून वेगळा असतो. विनोदवीर स्वतःच्या नावावर आणि प्रेक्षकांशी थेट नाते जोडून हसवतो, तर आपल्याला कोणी हसत आहे याची पुसटशी जाणीवही चरित्र अभिनेत्याला पात्राच्या चेहऱ्यावर उमटू देता येत नाही.

अ‍ॅलिस्टर सिम, मार्गारेट रदरफोर्ड, टेरी-थॉमस अशा नटांनी ही परंपरा विसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये भरभराटीला आणली. तिची ताकद आणि तिच्या मर्यादा तपासायच्या तर आर्थर लो (१९१५–१९८२) यांचे उदाहरण विशेष उपयोगी पडते, कारण त्यांची सारी कीर्ती एका भूमिकेत एकवटली आहे. बीबीसीवरील 'डॅड्स आर्मी' या मालिकेत (१९६८–१९७७, नऊ पर्वे, ८० भाग) त्यांनी कॅप्टन जॉर्ज मॅनरिंग हे पात्र उभे केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आक्रमणाच्या भीतीने १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने स्थानिक स्वयंसेवकांचे दल उभारले आणि त्याला लवकरच 'होम गार्ड' हे नाव मिळाले. वयामुळे किंवा प्रकृतीमुळे सैन्यात जाऊ न शकलेल्या पुरुषांचा त्यात मोठा भरणा होता. वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक किनारी गावातील अशी एक तुकडी आणि तिचा स्वयंघोषित नायक, म्हणजे गावातल्या बँकेचा मॅनेजर मॅनरिंग, हा मालिकेचा विषय आहे.

पुढील संवादात दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. दूरचित्रवाणीचा सामाजिक अंगाने अभ्यास करणाऱ्या संशोधिकेच्या मते लो यांची कारकीर्द म्हणजे मनोरंजन उद्योगाने आणि ब्रिटिश वर्गव्यवस्थेने एका समर्थ नटाला साच्यात घालून संपवल्याची कहाणी आहे. रंगभूमीचा इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या मते तो साचा नटाने स्वतः घडवला आणि त्यातून त्याने परस्परविरुद्ध माणसे बाहेर काढली.

संशोधिका : सर, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात थेटफर्ड नावाचे गाव आहे आणि मालिकेचे बाह्यचित्रण त्या परिसरात होत असे. तिथे २०१० साली ब्राँझचा एक पुतळा बसवण्यात आला. बाकावर बसलेला गणवेशातला माणूस आणि शेजारी येणाऱ्या-जाणाऱ्यांना टेकायला मोकळी जागा, अशी त्याची रचना आहे. पण तो पुतळा आर्थर लो यांचा म्हणून नव्हे, तर कॅप्टन मॅनरिंगचा म्हणून उभा आहे. ज्या नटाचे स्मारकसुद्धा त्याच्या पात्राच्या नावाने होते, त्याच्या वाट्याला यश आले की विस्मरण, हा प्रश्न विचारायलाच हवा.

प्राध्यापक : पुतळ्याखाली नाव पात्राचे असले, तरी तो गोल चेहरा, तो चष्मा आणि तो ताठा नटाचाच आहे. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट या लेखकद्वयाने मॅनरिंग कागदावर लिहिला, तेव्हा त्याला हा चेहरा नव्हता. थॉर्ली वॉल्टर्स आणि जॉन पर्टवी या नटांचा त्या भूमिकेसाठी आधी विचार झाला होता, आणि लो हे प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनीवर गाजलेले नट असल्यामुळे बीबीसीत त्यांच्याविषयी फारसा उत्साह नव्हता. पहिला भाग ३१ जुलै १९६८ रोजी प्रसारित झाला तेव्हा लो बावन्न वर्षांचे होते. या बावन्न वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय त्या भूमिकेचे श्रेय कोणाला द्यायचे हे ठरवता येणार नाही.

संशोधिका : तो हिशेब साचा कसा तयार झाला हेच सांगतो. डर्बीशरमधील हेफील्ड येथे जन्म, मँचेस्टरच्या लेव्हन्शुल्म भागात बालपण, रेल्वेत नोकरी करणारे वडील. व्यापारी जहाजावर जाण्याची इच्छा अधू दृष्टीमुळे फसली आणि काही काळ विमानांच्या कारखान्यात काम करावे लागले. पुढे महायुद्धात मध्यपूर्वेत सैन्यसेवा झाली आणि तिथेच सैनिकांसाठी होणाऱ्या नाटकांतून अभिनयाची गोडी पक्की झाली. १९४५ साली मँचेस्टर रेपर्टरी थिएटरमध्ये ते व्यावसायिक नट म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकले होते, बांधा ठेंगणा होता आणि केस विरळ होत चालले होते. अशा नटाला नायकाची भूमिका कोणी देत नाही. दुकानदार, कारकून, इन्स्पेक्टर आणि नोकर हे त्याच्या नशिबी आधीच लिहिलेले असते.

प्राध्यापक : नशिबी काय लिहिले होते यापेक्षा त्या नशिबाचे त्यांनी काय केले हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. रेपर्टरी म्हणजे एकच नटसंच कायम ठेवून दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला नवे नाटक लावणारी नाट्यसंस्था. रात्री चालू नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या नाटकाची तालीम आणि मधल्या वेळात पाठांतर, अशी तिथली दिनचर्या असे. या धबडग्यात चरित्र नटाला एका वर्षात तीस-चाळीस माणसे उभी करावी लागतात आणि प्रत्येकासाठी फुरसतीने अभ्यास करण्याची सोय नसते. त्यामुळे चालण्यातली एखादी लकब, बोलण्यातला एखादा हेल, टोपी हातात धरण्याची एखादी पद्धत यांतून माणूस पटकन आणि नेमका दाखवण्याची विद्या अंगी मुरते. लो यांच्या पुढच्या सगळ्या कामात जी काटकसर दिसते, तिचे मूळ या उमेदवारीत आहे.

संशोधिका : काटकसर हा शब्द गोड आहे, पण पडद्यावर तिचा अर्थ काही सेकंदांची भूमिका असा झाला. ईलिंग स्टुडिओचा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हा १९४९ चा चित्रपट घ्या. त्यात अ‍ॅलेक गिनेस यांनी एकाच उमराव घराण्यातील आठ माणसे रंगवली आणि जगाने त्यांचे कौतुक केले. त्याच चित्रपटात शेवटी तुरुंगाच्या दाराशी एक वार्ताहर क्षणभर दिसतो, ते आर्थर लो आहेत.

प्राध्यापक : उदाहरण अगदी योग्य निवडले आहे, फक्त ते उलट बाजूने साक्ष देते. खुनांची मालिका रचून सरदारकी मिळवलेला नायक फाशीतून सुटून तुरुंगाबाहेर पाऊल टाकतो, तेव्हा तो लहानसा वार्ताहर अदबीने पुढे होतो आणि सरदारसाहेबांच्या आठवणी आपल्या साप्ताहिकाला मिळतील का, असे विचारतो. आपल्या गुन्ह्यांची सविस्तर कबुली असलेली ती वही आपण कोठडीतच विसरलो, हे नायकाला त्या प्रश्नामुळे आठवते आणि चित्रपट तिथेच संपतो. लो यांनी हा प्रश्न रहस्य फोडणाऱ्या माणसाच्या थाटात विचारला असता, तर शेवट उघडा पडला असता. त्यांनी तो दिवसाची बातमी पदरात पाडून घेणाऱ्या, जरासा ओशाळलेल्या पगारी माणसाच्या सुरात विचारला, म्हणून तो जीवघेणा ठरला. गिनेस यांनी वेष पालटून आठ माणसे केली, लो यांनी काहीही न पालटता एक माणूस केला. या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरीला कमी गुण देण्याचे कारण नाही.

संशोधिका : तरीही बाजारात पहिल्याच विद्येला किंमत आली, हे नाकारता येत नाही. दुसऱ्या विद्येचा धनी पुढली अकरा वर्षे किरकोळ भूमिका करत राहिला आणि १९६० साली 'कॉरोनेशन स्ट्रीट' ही उत्तर इंग्लंडच्या कामगारवस्तीवरची दैनंदिन जीवनाची मालिका सुरू झाली तेव्हा घराघरात पोहोचला. तिथला लिओनर्ड स्विंडली हा कापडाच्या दुकानाचा मॅनेजर आहे, चर्चमध्ये हौशी प्रवचने देतो आणि स्वतःच्या प्रतिष्ठेला फार जपतो. ऐन लग्नाच्या वेळी वधू माघार घेते, तेव्हा त्या प्रतिष्ठेचे जे होते ते प्रेक्षक पाहतात. लोकांना पात्र आवडले, म्हणून १९६५ साली त्याला घेऊन 'पार्डन द एक्स्प्रेशन' ही स्वतंत्र विनोदी मालिका काढण्यात आली आणि तिच्यानंतर आणखी एक. यशस्वी पात्र पिळून काढण्याचा हा उद्योगाचा नेहमीचा खाक्या आहे. मॅनरिंग म्हणजे याच स्विंडलीला चढवलेला लष्करी गणवेश.

प्राध्यापक : दोघांचा स्वभाव एका कुळातला आहे, हे मान्य. पण स्विंडलीच्या काळातही लो रंगभूमीवर वेगळे काम करत होते, हे विसरून चालणार नाही. १९६४ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये जॉन ऑस्बर्न यांचे 'इनअ‍ॅडमिसिबल एव्हिडन्स' हे नाटक आले, त्यात ढासळत चाललेल्या वकील नायकाच्या कचेरीतला संयमी कारकून हडसन लो यांनी केला. त्याच्या आदल्या वर्षी लिंडसे अँडरसन यांच्या 'धिस स्पोर्टिंग लाइफ' या चित्रपटात ते होते. रॉयल कोर्ट म्हणजे त्या काळातील नव्या, बंडखोर नाटकांचे घर. त्या घराने लोकप्रिय मालिकेतल्या कापडदुकानदाराला बोलावले, याचा अर्थ जाणकारांना त्या साच्यापलीकडचा नट दिसत होता.

संशोधिका : मग मुख्य मुद्द्याकडे वळू. मॅनरिंगचा विनोद नटातून येतो की समाजरचनेतून? मॅनरिंग हा बँकेचा मॅनेजर असून सरकारी मदतीवर चालणाऱ्या ग्रामर स्कूलमध्ये शिकलेला, कष्टाने वर आलेला माणूस आहे. त्याच्या हाताखालचा मुख्य कारकून आणि तुकडीतला सार्जंट विल्सन हा मात्र पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे ब्रिटनमधील महागड्या खासगी निवासी शाळेत शिकलेला, सुखवस्तू घराण्यातला आहे. पुढे एका भागात त्याला 'ऑनरेबल' ही उपाधी वारशाने मिळते आणि मॅनरिंगचा जळफळाट होतो. हुद्द्याने वरचा माणूस जन्माने खालचा आणि हुद्द्याने खालचा माणूस जन्माने वरचा, या उलट्या मांडणीतच ऐंशी भागांचे इंधन साठवलेले आहे. ही करामत लेखकांची आहे. तिथे ठेंगणा, स्थूल असा दुसरा कोणताही नट चालला असता.

प्राध्यापक : मांडणी लेखकांची आहे यात शंका नाही, आणि तिला वास्तवाची एक मजेशीर जोड आहे. विल्सन साकारणारे जॉन ल मेझरर महायुद्धात खरोखर कॅप्टन होते आणि त्यांची काही सेवा हिंदुस्थानात झाली होती, तर लो सैन्यातून सार्जंट-मेजर होऊन बाहेर पडले होते. म्हणजे मालिकेने दोघांचे खरे हुद्दे उलटे केले. पण मांडणी हा फक्त पट असतो, खेळणारा दुसराच असतो. मॅनरिंग एखादा अविचारी बेत जाहीर करतो आणि विल्सन अत्यंत सौम्यपणे, हे शहाणपणाचे होईल का, असे विचारतो, तो नेहमीचा प्रसंग नीट पाहावा. लो लगेच उत्तर देत नाहीत. आधी ते थांबतात, मग गालफडे किंचित फुगतात, नजर विल्सनकडे न जाता समोर खिळते, आणि त्या विरामात अपमान, त्या अपमानाची सवय आणि सवयीची चीड अशा तिन्ही गोष्टी क्रमाने सरकतात. शब्द येतात तोवर हशा होऊन गेलेला असतो. मराठी रंगभूमीवर याला नट 'ऐकतो' असे म्हणतात, आणि ऐकण्याचा अभिनय संहितेत लिहिता येत नाही.

संशोधिका : त्या विरामांचे एक सामान्य स्पष्टीकरणही उपलब्ध आहे. लो संहिता घरी नेऊन पाठ न करण्याबाबत कुप्रसिद्ध होते, अशा आठवणी त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवल्या आहेत. विराम पुष्कळदा पुढचे वाक्य शोधण्याचा असावा. आपल्याला पँट उतरवायला लावणारे प्रसंग नकोत असा त्यांचा आग्रह होता, हेही त्याच आठवणींत येते. प्रतिष्ठा जपणारा, स्वतःविषयी फाजील गंभीर असणारा हा गृहस्थ मुळातच मॅनरिंग होता, आणि लेखकांनी त्याचा स्वभाव हळूहळू पात्रात ओतला. स्वतःलाच वठवणे याला अभिनय कसे म्हणावे?

प्राध्यापक : आपल्या स्वभावातले सामान वापरत नाही असा नट नसतो, ते सामान तो ओळखून वापरतो की नकळत, हा खरा प्रश्न आहे. बडेजाव करणाऱ्या माणसाला आपण हास्यास्पद दिसतो हे कळत नाही, आणि तो नेमका कुठे हास्यास्पद दिसतो हे नटाला तंतोतंत कळावे लागते. पँटचा आग्रहही नुसता अहंकार म्हणून सोडून देता येत नाही. ज्याची पँट उतरते तो माणूस हसण्याचा विषय होतो आणि तिथेच संपतो; ज्याचा आब वारंवार धोक्यात येतो आणि जो तो कसाबसा सावरतो, त्याला ऐंशी भाग पाहता येते. १९७३ सालच्या 'द डेडली अटॅचमेंट' या भागात तुकडीच्या ताब्यात सापडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान आपली टर उडवणाऱ्यांची नावे युद्धानंतरच्या सूडासाठी वहीत लिहीत असतो. तुकडीतला सर्वांत लहान पोरगा पाइक हिटलरची खिल्ली उडवणारे गाणे म्हणतो, कप्तान त्याला नाव विचारतो, आणि मॅनरिंग पोराला नाव न सांगण्याची ताकीद देताना स्वतःच ते नाव मोठ्याने उच्चारतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक गाजलेल्या विनोदांपैकी हा एक आहे. तिथे लो यांनी चेहऱ्यावर चुकीची जाणीव आणली असती तर विनोद मेला असता. त्यांनी वाक्य खऱ्या काळजीने, एका पोराला वाचवण्याच्या घाईने टाकले. विनोदाच्या तळाशी असलेली ही माया फक्त नटाची आहे.

संशोधिका : माया हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मालिकेवरचा एक गंभीर आक्षेप तिथेच सुरू होतो. युद्धासारख्या भीषण विषयाला तिने उबदार स्मरणरंजनाचे रूप दिले आणि मॅनरिंगच्या संकुचित देशभक्तीला लाडिक केले.

प्राध्यापक : मालिका जेवढी उबदार वाटते तेवढी लो तिला उबदार राहू देत नाहीत. १९७० सालच्या 'मम्स आर्मी' या भागात तुकडीला मदत करायला आलेल्या एका समवयस्क, समंजस बाईवर मॅनरिंगचा जीव जडतो. त्याची पत्नी एलिझाबेथ मालिकेत कधीच चेहऱ्याने दिसत नाही, पण त्या संसारात आनंद नाही हे प्रेक्षकांना ठाऊक असते. गावात कुजबूज सुरू होते, ती बाई शहाणपणाने निघून जायचे ठरवते, आणि रेल्वे स्टेशनवर मॅनरिंग तिला थांबण्याची विनवणी करतो. लो यांनी हा प्रसंग एकाही विनोदी खुणेशिवाय केला आहे. १९७५ च्या नाताळच्या भागात तर त्यांनी मॅनरिंगबरोबर त्याचा दारुडा भाऊ बॅरीही साकारला. मस्करीच्या वस्तू विकत हिंडणारा हा फिरता विक्रेता बापाच्या व्यवसायाविषयी मॅनरिंगने उभा केलेला मोठेपणा क्षणात पाडून टाकतो. एकाच चेहऱ्याच्या दोन भावांत एकाने प्रतिष्ठेच्या भीतीने स्वतःला आवळून घेतले आणि दुसऱ्याने सगळे सोडून दिले, हे त्या भागात स्वच्छ दिसते; आणि नट स्वतःलाच वठवत होता या आक्षेपाला याहून थेट उत्तर सापडणे कठीण आहे.

संशोधिका : बॅरीचा दाखला मान्य करावा लागेल. पण विविधतेचा हवाला द्यायचा तर तिची काळी बाजूही मोजावी लागेल. अँडरसन यांच्या १९७३ सालच्या 'ओ लकी मॅन!' या चित्रपटात लो यांच्या तीन भूमिका आहेत आणि त्याबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कार, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा सन्मान मिळाला. त्या तिघांपैकी एक म्हणजे आफ्रिकी देशाचा सत्ताधीश डॉ. मुंडा, आणि तो गोऱ्या नटाने चेहरा काळा रंगवून केलेला आहे. पेरी आणि क्रॉफ्ट यांनीही पुढच्याच वर्षी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका आणली. पेरी स्वतः नाशिकजवळच्या देवळाली येथील तोफखान्याच्या छावणीत सैनिकांच्या नाट्यपथकात होते, आणि त्याच अनुभवावर बेतलेल्या या मालिकेची सुरुवातही देवळालीतच होते. पण तिच्यातला रंगी राम हा मुख्य भारतीय नोकर मायकेल बेट्स या इंग्रज नटाने चेहरा सावळा करून रंगवला. चरित्र अभिनय म्हणजे कोणताही माणूस हुबेहूब उभा करणे अशी व्याख्या केली, की कोणी कोणाला उभे करायचे हा अधिकाराचा प्रश्न अलगद बाजूला पडतो.

प्राध्यापक : हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडूही नये. साम्राज्याच्या भांडवलशाहीवर टीका करणे हा अँडरसन यांचा हेतू होता आणि एकाच नटाने तीन भूमिका करणे हे त्या चित्रपटाचे जाहीर तंत्र होते, इतके संदर्भ म्हणून सांगता येईल. समर्थन म्हणून नाही. लो यांची खरी ताकदही त्या रंगवलेल्या चेहऱ्यात नाही. त्यांनी ज्या समाजाची माणसे जवळून पाहिली होती, त्या उत्तर इंग्लंडच्या खालच्या मध्यमवर्गात त्यांचा अभिनय रुजलेला आहे, आणि तिथून दूर गेला की तो नुसता वेष उरतो.

संशोधिका : म्हणजे नटाची जमीन मर्यादित होती, एवढे सर स्वीकारतात. मग शेवटच्या वर्षांचे काय? मॅनरिंगनंतर दूरचित्रवाणीने त्यांना काय दिले ते पाहावे: 'ब्लेस मी, फादर' मध्ये कुरकुऱ्या कॅथलिक धर्मगुरू, 'पॉटर' मध्ये लोकांच्या कामात नाक खुपसणारा निवृत्त उद्योजक, 'ए. जे. वेन्टवर्थ, बी. ए.' मध्ये जुन्या वळणाचा शाळामास्तर. प्रत्येक जण मॅनरिंगचाच चुलतभाऊ आहे. १९७४ साली नॅशनल थिएटरमध्ये पीटर हॉल यांनी 'द टेम्पेस्ट' बसवले, जॉन गिलगुड प्रॉस्परो झाले आणि लो यांच्याकडे दारुडा बटलर स्टेफानो आला. त्या दर्जाच्या भूमिका वारंवार का आल्या नाहीत?

प्राध्यापक : इथे उद्योगाचा दोष मोठा आहे. एकदा प्रेक्षकसंख्या दिसली की निर्माते नटाकडे नट म्हणून पाहायचे थांबतात. तरी त्या वर्षांतही 'मिस्टर मेन' या लहान मुलांच्या चित्रमालिकेचे निवेदन त्यांनी केले आणि तिच्यातल्या डझनावारी पात्रांना एकट्याच्या आवाजाने वेगळे केले, आणि छोट्या गावांतले नाटकांचे दौरेही त्यांनी सोडले नाहीत. १४ एप्रिल १९८२ रोजी दुपारी त्यांनी दूरचित्रवाणीवर थेट मुलाखत दिली, संध्याकाळी बर्मिंगहॅमच्या अलेक्झांड्रा थिएटरमध्ये 'होम अ‍ॅट सेव्हन' या नाटकाच्या प्रयोगाआधी रंगपटात ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी वारले. दूरचित्रवाणीवरच्या कीर्तीने त्यांची रंगभूमी सुटली नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर निर्णयासाठी एक कसोटी पुरेशी ठरते. साचा नटाला गिळतो तेव्हा तेच गुण प्रत्येक भूमिकेत तेच परिणाम घडवतात. नट साच्याचा धनी असतो तेव्हा तेच गुण विरुद्ध परिणाम घडवू शकतात. या कसोटीसाठी १९६८ हे एकच वर्ष घेता येते. त्या वर्षी जुलैमध्ये 'डॅड्स आर्मी' सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये अँडरसन यांचा 'इफ....' हा चित्रपट आला. पब्लिक स्कूलमधल्या विद्यार्थ्यांच्या सशस्त्र बंडाची ही कथा पुढल्या वर्षी कान महोत्सवाच्या सर्वोच्च पारितोषिकाची मानकरी ठरली. तिच्यात लो यांनी वसतिगृहाचे प्रमुख शिक्षक मिस्टर केम्प साकारले आहेत. तोच ठेंगणा बांधा, तोच चष्मा, तीच नीटनेटकी अधिकारवाणी. पण केम्प आपले वसतिगृह क्रूर मॉनिटरांच्या हवाली करून मोकळे झालेले आहेत. मुलांना फटके बसतात त्या जगाचे नाममात्र मालक असलेले हे गृहस्थ रात्री बिछान्यात बसून गाणे म्हणतात आणि पत्नी शेजारी रेकॉर्डर हे बासरीसारखे सुषिर वाद्य वाजवत त्यांना साथ करते. दृश्य हसू आणते आणि त्या हसण्यात तिरस्कार मिसळलेला असतो. मॅनरिंगला अधिकार पेलत नाही, तरीही जर्मन रणगाडा आलाच तर तो पहिल्यांदा पुढे उभा राहील याविषयी कोणालाही शंका वाटत नाही. केम्प यांना अधिकार वारशासारखा मिळाला आहे आणि संकट आले की ते तिथे नसतील याविषयीही कोणाला शंका वाटत नाही. एकाच वर्षात, जवळजवळ त्याच चेहऱ्याने आणि त्याच आवाजाने, एका अधिकाऱ्याविषयी माया आणि दुसऱ्याविषयी तुच्छता निर्माण करणारा नट साच्यात अडकलेला होता असे म्हणता येत नाही.

संशोधिकेचे दोन आक्षेप मात्र शिल्लक राहतात. मॅनरिंगनंतर निर्मात्यांनी लो यांच्याकडून सोपे तेच मागितले, आणि त्या काळच्या ब्रिटिश विनोदाने गोऱ्या नटाच्या रंगवलेल्या चेहऱ्याला खुशाल मान्यता दिली. पहिला दोष बाजाराचा आहे, दुसरा त्या समाजाचा आणि त्यात सामील झालेल्या नटाचाही. या दोन वजाबाक्या करूनही जे उरते ते मोठे आहे: हसू मागायचे नाही, पात्राचा आब शेवटपर्यंत खरा मानायचा, आणि हसायचे की हळहळायचे हा निर्णय प्रेक्षकांवर सोडायचा, ही शिस्त लो यांनी सदतीस वर्षे पाळली. ज्या वाचकाने त्यांना केवळ मॅनरिंग म्हणून पाहिले आहे, त्याने 'डॅड्स आर्मी'चा कोणताही एक भाग आणि 'इफ....' लागोपाठ पाहावेत. चरित्र अभिनय म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा त्यातून अधिक नेमके कळते.